लहान डिस्क, पण तुझी स्वतःची

म्हणजे शेवटी घेतलंसच मनावर! बरं केलंस गं. सेवा केंद्रात चार कॉम्प्युटर, त्यातले दोन म्हातारे. जून उजाडला की उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी दारापर्यंत रांग, आणि नेमकं तेव्हाच पान उघडेना. इंटरनेटवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, आमच्याकडून लाइन ओके आहे, तुमचा कॉम्प्युटर बघा." कॉम्प्युटरवाला म्हणतो, "विंडोज ठीक आहे, लाइनचाच प्रॉब्लेम." दोघांपैकी कुणाला प्रत्यक्ष यायचं झालंच, तर विरारहून तुझ्या चांदीपपर्यंत महामार्गाचं ट्रॅफिक सोसत येणार. तोवर रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो आणि बोलणी तुला बसतात. तुला काय हवंय ते मला नीट कळलं. एक पेनड्राइव्ह, जो कुठल्याही मशीनला लावला की विंडोजला न विचारता आपलं छोटंसं युनिक्स, म्हणजे लिनक्स, सुरू करेल, आणि दोष मशीनचा, वायरचा, राउटरचा की बाहेरचा, एवढं तरी सांगेल.

आता तू विचारशील, अशा डिस्क तयार मिळतात की, मग बांधायची कशाला? मिळतात, आणि एखादी जवळ ठेवच. पण बघ, तयार डिस्कमध्ये शेकडो वस्तू असतात. ती "नेटवर्क नाही" म्हणाली की वायर नाही, ड्रायव्हर नाही, की तिच्या आतला कुठला कारभारी रुसलाय, हे तुला कळत नाही. स्वतः बांधलेल्या डिस्कमध्ये तू ठेवलंस तेवढंच असतं. त्यामुळे काही चाललं नाही तर संशयित मोजकेच, आणि सगळे तुझ्या ओळखीचे. इंटरनेटवाल्याशी भांडताना याचा फार उपयोग होतो, अनुभवाने सांगते.

हे काही नवं खूळ नाही गं. फ्लॉपीच्या काळात लोक हेच करत, आणि जागा किती, तर १४४० केबी! त्यात अख्खी सिस्टीम बसवायची. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्सने डेबियनची इन्स्टॉलर फ्लॉपी एकाच चकतीत मावावी म्हणून 'बिझीबॉक्स' लिहायला घेतलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी नेटवर्क होतं ते संस्थांपुरतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट'मध्ये मुंबईतून जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी होती. पुढे १९९८ च्या सुमारास फ्रीबीएसडीवाल्यांनी 'पिकोबीएसडी' काढलं, म्हणजे एका फ्लॉपीत मावणारा राउटर. टॉम ओह्सर नावाच्या गृहस्थाने तर फ्लॉपी ठरल्यापेक्षा दाट फॉरमॅट करून १.७२ एमबी जागा काढली आणि तेवढ्यात अख्खी रेस्क्यू सिस्टीम कोंबली. तुझ्याकडे सगळ्यात स्वस्त पेनड्राइव्ह असला तरी तो याच्या हजारो पट मोठा असणार. तेव्हा मावणार कसं, ही काळजी आजच सोड. आपण लहान बांधतोय ते जागेसाठी नाही, समजावं म्हणून.

आणि एक. काळ्या पडद्यावरच्या आज्ञांची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक बघ. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन.

आता कामाला लागू. लागतात फक्त तीन गोष्टी. कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा. बिझीबॉक्स, म्हणजे रोजची हत्यारं. आणि 'इनिट' नावाची दहा-बारा ओळींची फाइल, जी कर्नल जागं झाल्यावर सगळ्यात आधी चालवतं. बस्स. याच्या वर जे काही, ते हौसेचं.

बिझीबॉक्स आधी घे, कारण ते सोपं आहे आणि तुला हुरूप येईल. ही एकच फाइल, एक-दोन एमबीची, पण तिच्या पोटात तीनशेहून जास्त आज्ञा. घरात एकच बाई असते बघ, 'आई' म्हणून हाक मारली की डबा भरते, 'सूनबाई' म्हटलं की चहा टाकते, 'वहिनी' म्हटलं की शर्टाचं बटण लावते. तसंच हे. पिंग या नावाने बोलावलं तर पिंग होतं, एलएस म्हटलं तर फाइलींची यादी देतं. नावं म्हणजे नुसत्या त्या एका फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, आणि 'बिझीबॉक्स डॅश-डॅश-इन्स्टॉल डॅश-एस' म्हटलं की त्या सगळ्या ते स्वतःच तयार करतं. तुला लागणारी नेटवर्कची बहुतेक हत्यारं यातच आहेत: आयपी, पिंग, आर्पिंग, ट्रेसरूट, एनएसलुकअप, डब्ल्यूगेट, नेटकॅट आणि पत्ता मागणारं यूडीएचसीपीसी.

पहिल्या वेळी बिझीबॉक्स सोर्सपासून बांधू नकोस. ऐक माझं. आल्पाइन लिनक्सचं 'बिझीबॉक्स-स्टॅटिक' पॅकेज घे आणि त्यातली फाइल उचल. 'स्टॅटिक' हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे तिला बाहेरची एकही लायब्ररी लागत नाही. आल्पाइनचीच का? कारण ती 'मसल' या छोट्या सी लायब्ररीवर बांधलेली असते. आपल्या लॅपटॉपच्या उबुंटू लिनक्सवरच्या 'ग्लिबसी'ने स्टॅटिक बांधलं तर वरवर सगळं छान दिसतं, पण नावावरून पत्ता शोधायची वेळ आली की ती फाइल चालत्या मशीनवर आपल्या लायब्ररी शोधत बसते आणि त्या तिथे नसतात. मग आकड्याला पिंग जातं, नावाला जात नाही, आणि आपण बिचाऱ्या राउटरला शिव्या घालतो. पुढे कधी हौसेने स्वतः बांधायला घेतलंस आणि 'टीसी' नावाच्या आज्ञेवर गाडी अडली, तर रडत बसू नकोस. कर्नलच्या नव्या हेडरमधून एक जुनी सोय काढून टाकली आहे आणि बिझीबॉक्सची १.३६ आवृत्ती अजून ती शोधते. मेनूमध्ये जाऊन 'टीसी' बंद कर आणि पुढे चल. तुला ती लागणारच नाहीये.

आता कर्नल. इथे मी जरा उलटं सांगणार आहे. बाकी सगळीकडे रिकाम्यापासून सुरुवात करून हवं तेवढंच टाकायचं, पण कर्नलमध्ये तसं करू नकोस. 'टायनीकॉन्फिग' नावाचा एक मोह आहे, दिसायला देखणा, कर्नल इवलंसं होतं. पण त्यात इतकं काही बंद असतं की एकेक चालू करताना डोळ्यांत पाणी येतं. स्क्रीनवर अक्षर उमटणं सुद्धा वेगळं चालू करावं लागतं! 'डेफकॉन्फिग'ने सुरुवात कर. कर्नल दहा-पंधरा एमबीचं होईल, होऊ दे. त्यात इंटेलची आणि रियलटेकची नेहमीची नेटवर्क कार्डं आधीच असतात.

तुझ्या चारही मशीनवर आधी ती तयार मिळणारी डिस्क लावून 'एलएसपीसीआय डॅश-एनएन डॅश-के' चालव आणि कुठलं कार्ड, कुठला ड्रायव्हर, ते वहीत लिही. हो, वहीतच. म्हाताऱ्या मशीनवर बहुतेक रियलटेकच निघेल, कोड '१०ईसी'ने सुरू होणारा. इंटेलचा '८०८६'ने सुरू होतो. तो ड्रायव्हर कर्नलच्या मेनूमध्ये 'एम' नको, 'वाय' हवा, म्हणजे मॉड्यूल म्हणून बाहेर न राहता कर्नलच्या आतच बसेल. मॉड्यूल भरण्याची भानगड आपल्याला नको.

चालू आहेत ना, ते डोळ्यांनी बघून घ्यायचे आणखी काही पर्याय आहेत. डेव्ह-टीएमपीएफएस, नाहीतर उपकरणांच्या फाइलीच दिसणार नाहीत. 'पॅकेट सॉकेट', नाहीतर यूडीएचसीपीसी पत्ता मागूच शकत नाही. 'फ्रेमबफर कन्सोल' आणि ईएफआयचा फ्रेमबफर, नाहीतर सगळं व्यवस्थित चालू असतं आणि समोर नुसता काळोख. यूएसबी कीबोर्डचा ड्रायव्हर. आणि माझ्याकडून एक आग्रहाची भर: 'आरएनडीआयएस होस्ट' आणि 'सीडीसी ईथरनेट'. यामुळे अँड्रॉइड फोन यूएसबीने लावून टेदरिंग केलं की बहुतेक वेळा फोनचं नेट थेट या डिस्कला मिळतं. वायरवरून पान उघडत नाही आणि त्याच मशीनवर फोनवरून उघडतं, एवढं दाखवलं की "तुमचा कॉम्प्युटर बघा" म्हणणाऱ्याची बोलती बंद. वायफायच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. फर्मवेअर आणा, पासवर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम आणा, त्याच्या लायब्ररी आणा. तुझ्या केंद्रात वायर आहे ना, मग झालं.

कर्नल बांधायला जुन्या लॅपटॉपवर तासभर सहज जातो, जास्तही जाईल. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, ठाऊक आहे. पण काम मध्येच तुटलं तरी पुन्हा 'मेक' म्हटलं की ते बहुतेक जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं.

आता इनिट. ही फाइल म्हणजे सगळ्याचा जीव, आणि लिहायला अगदी सोपी. पहिल्या ओळीत कुठल्या शेलने वाचायची ते. मग तीन माउंट: प्रॉक, सिस आणि डेव्ह. डेव्ह कर्नल आपोआप माउंट करेल असा मेनूमध्ये एक पर्याय दिसतो, पण आपल्यासारख्या रॅममधल्या सिस्टीमला तो लागू होत नाही, म्हणून हाताने करायचं. मग 'आयपी लिंक सेट' म्हणून आधी 'लो' आणि नंतर 'ईथ-झिरो' उठवायचं. उबुंटूवर कार्डाचं नाव काहीतरी लांबलचक असतं ना, ते इथे नसतं. ते नाव देणारा प्रोग्रॅम आपण ठेवलेलाच नाही, म्हणून कर्नलचं साधं जुनं नाव मिळतं. मग यूडीएचसीपीसी, आणि शेवटी शेल. पण शेल 'एक्झेक' लावूनच सुरू कर, पुढे 'सेटसिड सीटीटीहॅक' (तुझ्या बिझीबॉक्समध्ये ती आज्ञा आहे ना, ते बघून) जोड म्हणजे कंट्रोल-सी चालेल. नाहीतर सुरू केलेलं पिंग थांबवताच येत नाही आणि मशीन बंद करणं एवढाच उपाय उरतो.

इथे एक खोच आहे, ती नीट ऐक, कारण निम्मे लोक इथे अडकतात. यूडीएचसीपीसी राउटरकडून पत्ता *मिळवतं*, पण तो कार्डाला स्वतः *लावत नाही*. लावायचं काम एका वेगळ्या स्क्रिप्टचं, जी यूजर-शेअर-यूडीएचसीपीसी या फोल्डरात 'डिफॉल्ट डॉट स्क्रिप्ट' नावाने असावी लागते. ती नसली तर स्क्रीनवर झोकात लिहून येतं, अमुक पत्ता मिळाला, आणि कार्ड मात्र कोरडंच! बिझीबॉक्सच्या सोर्समध्ये उदाहरणांच्या फोल्डरात 'सिंपल डॉट स्क्रिप्ट' आहे, ती उचल, नाव बदल, आणि चालवण्याची परवानगी दे. परवानगी इनिटलाही दे. चमॉड विसरलीस की कर्नल इनिटला हात लावत नाही आणि "नो वर्किंग इनिट" म्हणून बसून राहू शकतं.

आता हे सगळं फोल्डर सीपीआयओने बांधून जीझिप करायचं. त्या फोल्डरच्या *आत* जाऊन, बाहेरून नाही, आणि फॉरमॅट 'न्यूसी'. बाहेरून बांधलंस तर गाठोड्याच्या आत पुन्हा फोल्डर, त्याच्या आत इनिट, आणि कर्नलला ते सापडत नाही. अशा वेळी "कर्नल पॅनिक" अशी मोठ्ठी घाबरवणारी अक्षरं येतात. तू पॅनिक होऊ नकोस. त्याचा अर्थ एवढाच की मला पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी भेटलं नाही. मशीनला काहीही झालेलं नसतं. आतलं विंडोज, लोकांचे फॉर्म, स्कॅन केलेले दाखले, सगळं जिथल्या तिथे, कारण हे सगळं रॅममध्ये चाललेलं असतं आणि हार्डडिस्कला आपण बोटही लावलेलं नाही.

पेनड्राइव्हवर टाकायच्या आधी क्यूएमूमध्ये चालवून बघ. लॅपटॉपच्या आतच खोटं मशीन उभं राहतं. तिथे तुला १०.०.२.१५ असा पत्ता मिळेल, गेटवे १०.०.२.२ आणि डीएनएस १०.०.२.३. हे आकडे दिसले की समज, स्क्रिप्ट चालली. पण तिथून बाहेरच्या जगाला पिंग बऱ्याचदा जात नाही, ती क्यूएमूच्या साध्या नेटवर्कचीच मर्यादा आहे. डब्ल्यूगेटने एखादं पान आणून बघ, ते आलं की पास. आणि स्वतःलाच, म्हणजे १२७.०.०.१ ला, पिंग करून आनंदून जाऊ नकोस हं. मी एकदा तसं उत्तर आलं म्हणून घरात पेढे आणायला सांगितले होते, आणि वायर टेबलावरच पडलेली होती. अजून चिडवतात.

चाललं? मग आता पेनड्राइव्ह. इथे तुला बरं वाटेल अशी बातमी आहे. नव्या मशीनसाठी बूटलोडर वगैरे काही लागत नाही. कर्नलच्या मेनूमध्ये 'ईएफआय स्टब' चालू ठेव, आणि 'इनिट्रॅमएफएस सोर्स'मध्ये तुझं गाठोडं दे, म्हणजे ते कर्नलच्या पोटातच जाईल. पुन्हा एकदा बांध. जी एक फाइल तयार होईल, ती फॅट-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर 'ईएफआय' फोल्डरात, त्याच्या आत 'बूट' फोल्डरात, 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' या नावाने कॉपी कर. संपलं. फाइल कॉपी करण्याएवढं सोपं. म्हाताऱ्या मशीनला हे कळत नाही, त्यांच्यासाठी त्याच पेनड्राइव्हवर सिसलिनक्स बसव आणि त्यातून तीच फाइल सुरू करायला सांग.

फक्त पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याआधी 'एलएसबीएलके' बघ, साइज बघ, आणि मग पुन्हा एकदा बघ. एसडीए की एसडीबी, या एका अक्षरावर तुझ्या लॅपटॉपचा संसार अवलंबून आहे. शंका आली तर पेनड्राइव्ह काढ, यादी बघ, लाव, पुन्हा यादी बघ. जे नवं दिसलं ते तुझं.

आणि एक काळजीचं. नव्या मशीनवर 'सिक्युअर बूट' बंद करावं लागेल, कारण तुझ्या फाइलवर कुणाची सही नाही. पण ते बंद करण्याआधी त्या मशीनवर बिटलॉकर चालू आहे का ते तपास. असेल तर रिकव्हरी की आधी काढून कागदावर लिहून ठेव. नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती ४८ आकडी किल्ली मागेल, आणि भर रांगेत तुझा चेहरा बघण्यासारखा होईल. सोमवारी सकाळी तर हे मुळीच करू नकोस. रविवारी दुपारी, शटर अर्धं ओढून, शांतपणे.

आता या डिस्कने बघायचं काय, हा खरा गमतीचा भाग. आधी सिस-क्लास-नेट-ईथ-झिरो या फोल्डरात दोन फाइली वाच: 'कॅरियर' आणि 'स्पीड'. कॅरियर १ म्हणजे वायर जिवंत. स्पीड १००० असायला हवा आणि १०० दिसतोय? मग बघ, गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. म्हणजे एखादी जोडी तुटली आहे, किंवा कुणीतरी स्वस्तातली चार तारांची केबल घातली आहे. तुझ्याकडे मागच्या भिंतीला लागून जी केबल जाते ना, कागदांच्या गठ्ठ्यांमागून, तिथे उंदीर नक्की असणार. विंडोज "कनेक्टेड" म्हणत राहील आणि निमूटपणे दहापट हळू चालेल. इथे मात्र आकडा समोर.

मग पत्ता कुणी दिला ते बघ. नवं यूडीएचसीपीसी पत्त्याबरोबर देणाऱ्याचाही पत्ता छापतं. तो तुझ्या राउटरचा नसेल, तर कुणीतरी जुना राउटर स्विच म्हणून जोडला आहे आणि तोही बसल्या जागी पत्ते वाटतोय. "कधी चालतं, कधी नाही, दोन मशीनवर चालतं, दोनवर नाही" अशी जी कोडी असतात ना, त्यात हा पाहुणा हमखास सापडतो. दोन मशीनना एकच पत्ता लागलाय असं वाटलं तर आर्पिंगला 'डॅश-डी' देऊन विचार, ते सांगतं.

मग गेटवेला पिंग. गेलं, तर घरातलं सगळं ठीक. मग ८.८.८.८ ला पिंग. गेलं, तर लाइन ठीक. मग एनएसलुकअपने नाव विचार. इथे अडलं तर डीएनएस. सगळं पार करून शेवटी डब्ल्यूगेटला दाखल्याच्या साइटचं पहिलं पान आणायला सांग. तिथेच अडलं आणि बाकी साइट येत असतील, तर रांगेतल्या माणसाला ठामपणे सांग, "काका, बाहेरून बंद आहे, दुपारी या." मूळ बिझीबॉक्सचं डब्ल्यूगेट एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तपासत नाही, तसा इशाराही देतं. म्हणून ते पोच बघण्यापुरतं वापर, कुठे लॉगिन वगैरे करू नकोस.

एवढ्यावर थांबलीस तरी तुझं काम भागेल. पण मला माहितेय, तू थांबणार नाहीस. टीसीपीडंप हवंच असेल तर आल्पाइनमधून घे, पण ते स्टॅटिक नसतं, त्याच्या लायब्ररीही बरोबर आणाव्या लागतात. 'एलडीडी' विचार, ते यादी देतं, आणि त्या यादीतला 'एलडी' नावाने सुरू होणारा लोडर विसरू नकोस. तो राहिला तर शेल म्हणतं, "टीसीपीडंप नॉट फाउंड", आणि फाइल तर डोळ्यांसमोर! फाइल सापडलेली असते गं, तिला चालवणारा सापडत नाही. दुसऱ्या मशीनवरून आत शिरता यावं म्हणून ड्रॉपबेअर टाकलंस, तर 'डेव्ह-पीटीएस' माउंट कर, रूटला खरा पासवर्ड दे, आणि 'डॅश-आर' दे म्हणजे किल्ल्या लागतील तेव्हा तो स्वतः बनवेल. टेलनेटने आत यायचं दार मात्र उघडं ठेवू नकोस.

टीसीपीडंपबद्दल जरा मोठ्या बहिणीच्या अधिकाराने बोलते. तुझ्या केंद्रातून लोकांचे आधार क्रमांक, मोबाइल, जमिनीचे उतारे जातात. सगळं पकडून ठेवायची गरज नाही आणि हक्कही नाही. एआरपी, डीएचसीपी, डीएनएस एवढंच गाळून पकड, बघ, आणि पुसून टाक. आणि ही डिस्क घेऊन दुसऱ्याच्या नेटवर्कवर बसायचं नाही, त्यांनी बोलावल्याशिवाय.

जे बघितलं ते जपून ठेवायचं असेल तर लक्षात ठेव, लाइट गेली की रॅममधलं सगळं गेलं. पेनड्राइव्हच माउंट कर आणि त्यावर लिही. त्यासाठी कर्नलमध्ये यूएसबी स्टोरेज, व्हीफॅट आणि 'कोडपेज ४३७' हवं. शेवटचं राहिलं की माउंट नुसतं नाही म्हणतं, आणि कारण 'डीमेसेज'मध्ये लपलेलं असतं. तसंच फाइलींना मराठी नावं देऊ नकोस. हा कन्सोल फार तर ५१२ आकार दाखवू शकतो आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. 'दाखला'चं जे होईल ते बघवणार नाही.

दोन पेनड्राइव्ह कर, एक केंद्रात आणि एक घरी. वहीच्या पहिल्या पानावर कुठल्या मशीनला बूट मेनूसाठी कुठली कळ, ते लिही: डेलला एफ-१२, एचपीला एफ-९, लेनोवोला बहुतेक एफ-१२. कर्नलची कॉन्फिग फाइलही कुठेतरी कॉपी करून ठेव, पुढच्या वेळी तिच्यापासूनच सुरू करायचं. केंद्रात येणाऱ्या कुणा पोराने "ताई, मला पण द्या" म्हटलं तर जरूर दे, फक्त कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्ही जीपीएल परवान्याचे आहेत, म्हणून सोर्सही दे किंवा द्यायची तयारी ठेव.

आणि अडलीस की मला फोटो पाठव. पूर्ण स्क्रीनचा हं, नुसत्या शेवटच्या ओळीचा नको. खरं कारण बहुतेक वेळा पॅनिकच्या आठ-दहा ओळी वरच असतं.